वाचल्याबिगर कातर नाई

बाबा, तुमची कातर अजून चालते. दोनदा धार लावून आणली, वरची मूठ हलायला लागली तेव्हा तार गुंडाळली, पण पातं तेच आहे. हे आधी सांगते, कारण तुम्ही असता तर माझ्या आधी तिचंच विचारलं असतं. आणि पुढं जे लिहायचं आहे तेही तिच्याचबद्दल आहे.

माझी भाषा पाहून हसू नका. तोंडात माझ्या आपलीच बोली आहे, पण शाळेत मी पुरती दोन वर्षंही गेले नाही, अक्षर तुम्ही पेपरावर बोट ठेवून शिकवलंत, म्हणून हातात टाक धरला की पेपरातलीच मराठी उतरते. आता दुपार आहे. समोरची माळीण मळ्यातून आली की मेथीच्या जुड्यांवर ओलं पोतं टाकेल, हातपाय धुवेल आणि पेपर ऐकायला इकडे येईल. ती तुम्ही पाहिलेली नाही, तुमच्या मागून ती या गावात सून म्हणून आली. तिला मला एक गोष्ट सांगायची आहे. माघातच सांगायची होती, आता आंब्याला कैऱ्या धरल्या. रोज ती येते, बसते, उठून जाते, आणि गोष्ट माझ्या घशातच राहते. म्हटलं, आज ती यायच्या आत आधी तुम्हाला सांगून पाहावी. तुमच्यापाशी निघाली तर तिच्यापाशीही निघेल.

तुमचं दुकान म्हणजे आपली ओसरीच. पेपर तेव्हा आठवड्याचा, आणि आपल्यापर्यंत येईस्तोवर तिघांच्या हातचा झालेला. तो आला की तुम्ही मशीन थांबवता, पायट्यावरून पाय काढता. मशीनचा आवाज बंद झाला की समोरच्या लिंबाखालची माणसं उठून येतात, त्यांना वेगळी हाक लागत नाही. तुम्ही पहिलं पान उघडतच नाही. आतलं, मुंगीएवढ्या अक्षराचं पान घेता: कुठं पूर आला, कुठं पटकी आली, कोण हरवलं, कोण सापडलं. एकदा पाटील म्हणाला, "अगा शिंपी, लाटसायबाचं काय लिवलं ते वाच ना आधी." तुम्ही चष्म्यावरून पाहिलं. "लाटसायबाचं अक्षर मोठं हाय पाटील, ते तुमाले तिथूनबी दिसन. बारक्या अक्षराले माणूस लागते." पाटलाला राग आला, पण तो उठून गेला नाही. तापाची साथ आली त्या वर्षी तुम्ही नुसती गावांची नावं वाचायचात, एकेका नावानंतर थांबून. एका नावाला मागं बसलेला एक जण उठला, पागोटं हातातच घेतलं आणि चालायला लागला. त्याची बहीण त्या गावी दिली होती. तुम्ही तो दिसेनासा होईपर्यंत पुढचं नाव वाचलं नाही.

वाचून झालेला पेपर तुम्ही बेतायला घ्यायचात. बंडीचा पाठ, सदऱ्याचा गळा, सगळं आधी पेपरावर कापायचं, मग कपड्यावर. मी आठ-नऊ वर्षांची असेन. तुम्ही जेवायला आत गेला होता. पाटावर नवा पेपर होता, कातर होती आणि माझी बाहुली उघडी होती. मी तिचं पोलकं कापलं. तुम्ही बाहेर आलात. मारलं नाही. मारलं असतं तर बरं, असं मला तेव्हाही वाटलं होतं. तुम्ही म्हणालात, "सगळे तुकडे उचल. लाव पाटावर, जसे होते तसे." मी रडत रडत लावले. "आता वाच." मी वाचलं. बाहुलीच्या पाठीवर बातमी होती, का कोणा गावचा एक म्हातारा घरून निघून गेला आहे, कानात बाळी आहे, डावा पाय ओढतो, दिसल्यास कळवावे. मी म्हटलं, "पण हा आपला कोणी नाई ना, बाबा." तुम्ही म्हणालात, "आपला नाई. कोणाचा त हाय. वाचल्याबिगर कातर नाई लावाची. दोनी बाजू वाचाच्या." आणि त्या दिवशी तुम्ही बेतायचं काम केलंच नाही. बंडीवाला दुसऱ्या दिवशी येऊन बोंबलला.

मी विधवा होऊन परत आले तेव्हा तुम्ही मशीन सरकवून माझ्यासाठी बाजूला जागा केली आणि कातर माझ्या हातात दिली. सासरच्यांनी दागिने ठेवून घेतले, पण हे एक लोखंड मला मिळालं. पोराला याच्यावरच वाढवला. तो आता नागपूरला गिरणीत आहे, त्याची बायको आहे, पोरं आहेत. दिवाळीला येतात. चार दिवस घरात पाय ठेवायला जागा नसते आणि पाचव्या दिवशी एवढी जागा होते, का मी मशीनवर चादर टाकून तिच्याशीच बोलते.

पेपर आता रोजचा झाला. सरकारी मोटार समुद्रपूरहून येते, कंडक्टर गठ्ठा किराणावाल्याच्या फळीवर फेकतो, त्याचा वाचून झाला की माझ्याकडे येतो. तुमच्यासारखंच मशीन थांबवते. माणसं आता चावडीवरच्या रेडिओपाशी बसतात, माझ्याकडे बाया येतात. म्हणजे यायच्या. पण पेपर तुम्ही पाहाल तर ओळखणार नाही. आधी सिनेमाच्या जाहिराती मागच्या पानावर असायच्या, दिसल्या तर दिसल्या. मग आतल्या पानावर नटनट्यांचा एक चौकोन आला. मग तो चौकोन हळूहळू पुढं सरकला, पाहुणा जसा आधी ओसरीवर बसतो, मग माजघरात येतो, मग चुलीपाशी येऊन भाजीत मीठ किती ते सांगतो. आपल्या नाल्यावरच्या पुलासाठी सभा झाली होती. सभेला कोणी नट आला होता. पेपरात त्याची टोपी कशी, त्याचं हसणं कसं, त्याला पाहायला माणसं चढली ती झाडाची फांदी कशी मोडली, हे सगळं होतं. शेवटी एक ओळ: पुलाचाही उल्लेख करण्यात आला. मी ती ओळ मोठ्यानं वाचली तर बाया म्हणाल्या, "ते जाऊ दे ना बाई, फांदीवालं पुन्हा वाच."

मी त्यांना हसले होते. हसायचा हक्क मला किती होता ते आता कळतं.

यंदा माघात हायवेवरच्या एका जिनाला, सरकी काढायच्या कारखान्याला, आग लागली. कापसाचा ढीग पेटला, बाया सरकी वेचत होत्या. पेपर आला तर पहिल्या पानावर एवढा मोठा फोटो, पण जिनाचा नाही. एक नटी वर्ध्याला थेटराच्या उद्घाटनाला चालली होती, तिची मोटार त्याच रस्त्यानं गेली, धूर पाहून ती थांबली आणि तिनं डोळ्याला रुमाल लावला. त्या रुमालाचा फोटो. वर मोठ्या अक्षरात, नटीच्या डोळ्यांत अश्रू. खाली लिहिलं होतं, का तिनं पातळ कोणत्या रंगाचं नेसलं होतं, तिनं सरबत घेतलं नाही, उद्घाटनाला दीड तास उशीर झाला आणि लोकांनी शांतपणे वाट पाहिली. मधे कुठंतरी होतं, आगीत काही मजूर स्त्रिया भाजल्या. काही. बाबा, तुम्ही हा शब्द वाचायचाच नाहीत. "काही म्हंजे किती?" असं पेपरालाच विचारायचात. "ज्याच्या घरचं जाते त्याच्या घरी काही नाई जात, एक जाते."

मी विचारलं नाही. सात-आठ बाया बसल्या होत्या, माळीण पुढंच होती. एक म्हणे, "रडतानाबी कसी गोड दिसून राह्यली वं! आपण रडलो त थोबाड सुजते." दुसरी म्हणे, "तिले रडाचे पैसे भेटते. तुले कोण देते?" माळीण म्हणाली, "बिचारी. कोणाच्या लेकीसाठी कोण रडते आजकाल." आणि तिनं स्वतःच्या डोळ्याला पदर लावला, नटीसाठी.

आणि मी काय पाहत होते? मी बाही पाहत होते. रुमाल धरलेला हात वर होता, त्यामुळं बाही पुरती दिसत होती: खांद्यापाशी चुण्या घेऊन फुगवलेली, खाली पट्टी बारीक. दिवाळीत माझी नात म्हणाली होती, "आजे, तुह्या हातचं पोलकं घालून शाळेत गेली का पोरी हासते मले. तुले फुग्याची बाही येत नाई का?" मी तिला म्हटलं, शाळेत दंडाची परीक्षा असते का. तोंड माझं गप्प बसत नाही हे तुम्हाला माहीत आहे. पण ती गेल्यावर तीन महिने मी त्या बाहीचाच विचार करत होते. मला वाटलं, ही बाही मला जमली तर पोरगी माझं शिवलेलं अंगाला लावेल. बाया घरी गेल्या आणि मी कातर घेतली. खांद्यापासून रुमालापर्यंत, बाहीच्या आणि हाताच्या कडेकडेनं फिरवली. तुकडा टाचणीनं मशीनच्या वरच्या भिंतीला लावला. उरलेला कागद चिंध्यांच्या बोचक्यात टाकला.

आठ दिवस तो हात माझ्या डोक्यावर रुमाल धरून रडत होता.

आठव्या दिवशी शिवायला कपडा काढला. चुण्या नेमक्या किती ते कळेना, म्हणून तुकडा काढून दारात उजेडाला धरला. उजेड मागून आला, आणि बाहीतून उलटी अक्षरं दिसायला लागली. मी कागद फिरवला. बारकं अक्षर होतं, अर्धं अर्धं कापलेलं. "...दवाखान्यात असलेल्या एका स्त्रीची ओळख..." पुढं कातर. "...डाव्या हातावर अर्धवट..." पुढं कातर. मी बोचकं ओसरीवर उलटं केलं. उरलेला कागद शोधला, तुकडा त्यात बसवला, पाटावर, जसा होता तसा. मग वाचलं. जिनाच्या आगीत भाजलेल्या एका तरुण बाईला वर्ध्याच्या दवाखान्यात ठेवलं आहे, तिला बोलता येत नाही, डाव्या हातावर अर्धवट गोंदलेलं तुळशीवृंदावन आहे, नातेवाइकांनी यावं.

तो हात मी धरला होता, बाबा. माळणीची पोरगी तेव्हा सहा-सात वर्षांची, गोंदणारीण याच ओसरीवर बसलेली. आईनं डोकं धरलं होतं, मी मनगट. वृंदावनाचा ओटा गोंदून झाला आणि पोरीनं असा हिसका दिला, का मी मागं पडले आणि ती पळाली ती संध्याकाळपर्यंत तुरीत लपून बसली. तुळस राहूनच गेली. पुढं लग्न झालं, नवऱ्याशी पटलं नाही, परत आली तर आई म्हणाली, "माह्या दारात उभी राहू नको, धाकटीचं लगन व्हाचं हाय." पोरगी गेली. मजूर बायांच्या टोळीत या जिनातून त्या जिनात फिरते एवढंच कानावर यायचं. दोन वर्षं आई तिचं नाव काढत नव्हती, आणि रोज पेपर ऐकायला येत होती. मला वाटायचं तिला करमणूक पाहिजे. ती का येत होती ते मला त्या पाटापाशी बसल्यावर कळलं.

मी तशीच उठले. ती मळ्यात वांग्याला पाणी देत होती. मी म्हटलं, "वहिनी, चाल, वर्ध्याले जाचं हाय." ती म्हणे, "काऊन? काय झालं?" मी सांगितलं. तिनं पाण्याचा दांड बुजवला नाही, पाणी तसंच वाहू दिलं. मोटारीत ती एकदाच बोलली. "बाई, जित्ती असन ना?" मी म्हटलं, "पेपरात दवाखाना लिवलं हाय, मसन नाई लिवलं." असंच बोलता येतं मला.

दवाखान्यातली नर्स चांगली होती. तिनं वही पाहिली नाही, आम्ही गोंदण सांगितलं त्यावरूनच ओळखलं. म्हणाली, परवा गेली. सगळं अंग भाजलं होतं, डावा हात तेवढा कोपरापासून खाली चांगला राहिला होता. बोलता येत नव्हतं, तर कोणी आत आलं की ती हात वर करून दाखवायची. झाडणारीला दाखवायची, डॉक्टरला दाखवायची, दुसऱ्या खाटेच्या पाहुण्यांना दाखवायची. "आम्ही पेपरात दिलं होतं," नर्स म्हणाली, "कोणी आलं नाही." माळणीनं माझ्याकडं पाहिलं. पाहणंच होतं ते, राग नव्हता. आणि मी म्हणाले, "पेपर उशिरा आला."

हे वाक्य कुठून आलं मला माहीत नाही. ते खोटं आहे असं कळायच्या आत बाहेर पडलं होतं, आणि त्याला पायही फुटले होते. येताना मोटारीत माळणीनं कंडक्टरला शिव्या दिल्या. गावात गेल्यावर किराणावाल्याला दिल्या. तो म्हणत राहिला, का पेपर रोजच्या रोज आला, तर बाया त्याच्याच अंगावर गेल्या. मी मशीन चालवत होते. आणि माळीण माझे पाय धरायला वाकली. "तुह्यामुळं कळलं बाई. नाई त मी मरेलोक वाटच पाहत राह्यली असती."

त्या दिवसापासून मी बारकं अक्षर आधी वाचते, तुमच्यासारखं. चार दिवस बाया बसल्या, मग एक म्हणाली, "बाई, तू त रोज मयतच वाचून राह्यली वं." त्या आता रेडिओकडं जातात. माळीण तेवढी येते. आम्ही दोघी बसतो. मी वाचते, कुठं कोण बुडालं, कुठं कोण सापडलं, आणि ती प्रत्येक बातमीला "हं" म्हणते, जशी काही एखादी अजून तिची असू शकते.

पेपरवाल्यांवर राग काढायला मी बसले होते. त्यांच्या रुमालावर, त्यांच्या सरबतावर. तो आहेच, आणि मी मरेपर्यंत राहील, एवढी मोठी नटी आणि तिच्या पाठच्या पानावर एवढीशी ती पोरगी. पण त्यांनी छापलं तरी होतं, बाबा. मुंगीएवढं का होईना. आता राहिलेलं सांगते. कातर लावायच्या आधी मी कागद उलटा केला होता. तुम्ही लावलेली सवय, हात आपोआप फिरतो. मला बारकं अक्षर दिसलं. दवाखाना दिसलं, ओळख दिसलं. मी थांबले, एवढीच थांबले, जेवढी सुईत दोरा ओवायला थांबते. आणि मनात म्हटलं, असेल कोणाची तरी. पुन्हा सुलटा केला आणि कापला.

ती बाही मी शिवली. पोलकं नातीला पाठवलं. तिचं कार्ड आलं, बाही छान झाली म्हणून.

एवढं लिहिलं आणि माळीण आली. हात ओलेच आहेत तिचे. खाली बसली, माझ्याकडं पाहिलं.

"काय लिवून राह्यली वं बाई? इतकं लांब?"

म्हटलं, "बापाले."

"कोणाच्या?"

"माह्या."

"अवं, ते त कवाचे गेले ना?"

"म्हून त लिवते. जित्ता असता त बोलली असती."

ती माझ्या हाताकडं बघत राहिली. मला वाटलं आता सांगावं, आत्ताच, टाक खाली ठेवावा आणि सांगावं. तोंड उघडलंही होतं. पण तीच बोलली.

"बाई, मंग त्यातच माह्या पोरीलेबी दोन वळी लिवजो. मले त येत नाई."

मी म्हटलं, "काय लिवू?"

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मग म्हणाली, "लिव तिले, का माय येणार होती म्हणा. पेपर उशिरा आला म्हणा."

बाबा, तेवढं माझ्यानं लिहवलं नाही. ती समोर बसून बघत होती, म्हणून मी शाईत न बुडवता कोरा टाक कागदावर दोन ओळी फिरवला, शेवटी टिंबही दिलं. तिला वाचता येत नाही. तिनं त्या जागेवरून हात फिरवला आणि म्हणाली, "हं. आता पेपर वाच."